दोन्ही बाजूंना पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मला आठवावं लागत नाही. विनायक लांजेवार सरांचे. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत ते भूगोल शिकवत. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, सुनंदाताईचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात मीटिंगला निघालो होतो. "प्रकाश, बाबा गेले," ती म्हणाली. यावर माणूस विचारतो, कधी, कसे. मी विचारलं, "कुठे?" ताईला माझा प्रश्न कळला. "घरीच रे," ती म्हणाली. "सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले होते… तिथेच." मी भिंतीला टेकलो. डोळ्यांत पाणी आलं, पण त्याच्या आधी सुटकेचा श्वास आला, आणि त्या श्वासाची मला अजून लाज वाटते. मागचं सगळं वर्ष मी एका वेगळ्याच बातमीला घाबरत होतो. ते का, हे सांगितल्याशिवाय मला सरांविषयी काहीच धड लिहिता येणार नाही.

माझे वडील भाताच्या गिरणीत पोती उचलत. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बारावीनंतर सर घरी आले, बाबांशी तासभर बोलले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन नागपूरला गेले. कॉलेजच्या फॉर्मवर पालकांच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. कारकुनाने विचारलं, आडनाव वेगळं कसं? सर म्हणाले, "नदीचं नाव उगमापाशी वेगळं असतं, पुढे वेगळं होतं." कारकुनाला काही कळलं नाही, पण त्याने शिक्का मारला.

आमच्या भागात जुने तलाव पुष्कळ. गावचा तलाव दरवर्षी गाळाने थोडा थोडा भरत चाललेला, आणि सरांना त्याची फार काळजी. गाळाची गोष्ट निघाली की ते चीनमधल्या हांगझोऊचं उदाहरण देत. तिथल्या एका अधिकाऱ्याने शेकडो वर्षांपूर्वी सरोवरातला गाळ उपसून त्याचाच एक लांब रस्ता पाण्यातून बांधला, त्यावर झाडं लावली, आणि आज जगभरातून लोक त्या रस्त्यावर चालायला येतात. सर फळ्यावर सरोवर काढत, मधून खडूची एक रेघ ओढत आणि म्हणत, हा गाळ आहे बरं का. ती रेघ आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला पाठ होती. त्यामुळे मागच्या वर्षी सर दोन महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापूरला आले तेव्हा त्यांना हांगझोऊ दाखवायचंच, असं मी ठरवलं होतं. विमानाने पाच तासांचं अंतर. सर आधी नको म्हणाले, मग पासपोर्ट कुठे ठेवलाय ते दिवसातून तीनदा बघू लागले. मी त्याला उत्साह समजलो.

खुणा आधीही होत्या. सकाळी फिरायला गेलेले सर एकदा शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरले, आमच्याच नंबरच्या मजल्यावर उतरले आणि एका मलय कुटुंबाच्या दाराशी चप्पल काढून बसून राहिले. त्या घरातल्या आजींनी त्यांना हाताला धरून आणून सोडलं. आम्ही हसलो. आमच्या इथले ब्लॉक सगळे एकसारखे, कुणीही चुकेल, असं मी म्हणालो. माझी मुलगी इरा म्हणाली, "आजोबा, you must look at the number lah," आणि सरही हसले. माझी बायको मीनल मात्र हसली नाही. प्रवासाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली की हॉटेलचं चिनी अक्षरातलं कार्ड आणि तुझा फोन नंबर सरांच्या शर्टाच्या खिशात ठेव.

"सरांच्या खिशात पत्ता घालायचा? पहिलीतल्या पोरासारखा?"

"पहिलीतल्या पोराच्या खिशात घालतोच ना आपण? का घालतो?"

मी ऐकलं नाही. ज्यांनी मला नकाशा वाचायला शिकवलं त्यांच्या खिशात मी पत्त्याची चिठ्ठी ठेवू? त्याला मी आदर म्हणत होतो. आज त्याला दुसरं नाव द्यावं लागेल.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. ऑक्टोबर होता, सगळीकडे बारीक पिवळ्या फुलांचा गोड वास. आम्ही होडीतून सरोवरातल्या बेटावर गेलो, टेकडीवरचा पॅगोडा पाहिला, उतारावरचे चहाचे मळे पाहिले. सर नावाड्याला मराठीत खोली विचारत होते आणि तो चिनीत काहीतरी सांगत होता, दोघंही समाधानी दिसत होते. संध्याकाळी त्या गाळाच्या रस्त्यावर उभे राहून सरांनी चप्पल काढली आणि तळपाय जमिनीला टेकवला. "फेकून नाही दिला प्रकाश," ते म्हणाले. "कामाला लावला." चाळीस वर्षं फळ्यावर ओढलेल्या रेघेवर ते उभे होते. मी फोटो काढून ताईला पाठवणार होतो, पण तिथे व्हॉट्सअ‍ॅप चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पुन्हा तिथेच जायचं होतं. रस्त्याच्या तोंडाशी विलोच्या झाडाखाली एका बाकावर त्यांना बसवून मी पाण्याच्या बाटल्या आणायला गेलो. "इथेच बसतो," असं ते स्वतः म्हणाले. दहा मिनिटांत परतलो तर बाक रिकामा. आधी वाटलं, मीच बाक चुकलो… बाक सगळे सारखे, झाडं सारखी. मी त्या रस्त्यावरच्या पहिल्या पुलापर्यंत धावलो, परत आलो, दुसऱ्या पुलापर्यंत गेलो. सरांचा फोन हॉटेलात होता. खिशात काहीच नव्हतं. काठावर कठडा नाही, पाणी दोन पावलांवर, आणि सहलीच्या गर्दीत पांढऱ्या केसांची शेकडो माणसं. मी "सर, सर" अशा हाका मारत होतो. त्या शहरात त्या हाकेला ओ देणारा एकच माणूस होता.

शेवटी चौकीवर एक तरुण पोलीस बाई भेटली. ती फोनमध्ये चिनीत बोलायची आणि फोन मला इंग्रजीत प्रश्न विचारायचा. वय किती, कपडे कसले, उंची किती. मग प्रश्न आला, त्यांना विसरण्याचा आजार आहे का? मी नाही म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी पुन्हा नाही म्हणालो. तिने फोन बाजूला ठेवला, हाताने स्वतःच्या कपाळाला स्पर्श केला आणि माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मी म्हणालो, हो. तो शब्द उच्चारताना मला वाटलं, मी सरांची नोकरी काढून घेतोय, त्यांचा फळा पुसतोय. पण त्या एका शब्दाने शोध बदलला. तिने वायरलेसवर काहीतरी सांगितलं आणि मला समजावलं की अशी माणसं मागे फिरत नाहीत, समोर जो रस्ता असतो त्यावर चालत राहतात. मी तीन तास चुकीच्या टोकाला, बाकाच्या आसपास शोधत होतो.

सर सापडले ते त्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाहूनही बरंच पुढे, एका बसथांब्यावर. चहा विकणाऱ्या एका बाईने त्यांना स्टुलावर बसवून गरम पाणी दिलं होतं. पायाला फोड आले होते. मला बघून ते चिडले. "कुठे होतास? पाळीवरून केव्हाचा चालतोय, घर कसं येईना." पाळ म्हणजे आमच्या तलावाचा बांध. सरांचं घर त्या पाळीच्या टोकाला आहे. मी खाली बसून त्यांच्या पायांतली चप्पल काढली. थोड्या वेळाने तेच हळूच म्हणाले, "एका बाजूला धानाची शेतं असायला हवी होती ना रे? दोन्ही बाजूंना पाणी. मला वाटलं, पाऊस फार झाला."

हॉटेलात त्यांच्या पायांना मलम लावत असताना ते पूर्ण शुद्धीत होते, आणि ते जास्त कठीण होतं. त्यांनी माझा हात धरला. "सुनंदाला सांगू नकोस. ती मला घरात बसवेल. पाळीवर जाणं बंद झालं की मी संपलो." मी नाही सांगणार म्हणालो. सरांना कधी मी नाही म्हटलेलं नव्हतं.

दहा दिवसांनी ते गावी परतले. ताई दिवसभर तालुक्याला नोकरीवर, घरी सर एकटे, आणि सकाळ-संध्याकाळ पाळीवर फेरी. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला वीस फूट पाणी. मी ऑफिसात बसून भारतातली वेळ मोजायचो… आता ते चप्पल घालत असतील, आता पाळीवरच्या वडापाशी पोचले असतील. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, फोन वाजला की आधी ताईचं नाव तर नाही ना ते बघायचो. मीनल रोज विचारायची. मी म्हणायचो, शब्द दिलाय. एके दिवशी भाजी चिरता चिरता ती शांतपणे म्हणाली, "सर तळ्यात सापडले तर तो शब्द कुठे ठेवशील?"

त्याच रात्री नव्हे, दोन दिवसांनी मला वाट सुचली. सरांची नजर अधू झाली होती. आलेलं प्रत्येक पत्र संध्याकाळी ताई त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची, हे मला ठाऊक होतं. मी सरांनाच पत्र लिहायचं ठरवलं. ही पळवाट होती, हे मला लिहितानाही कळत होतं.

पुढचं ताईने नंतर सांगितलं. वाचताना ती मध्येच थांबली. सर म्हणाले, "पुढे वाच. त्यात काय आहे मला माहीत आहे." वाचून झाल्यावर ते उठून आत गेले आणि रात्री जेवले नाहीत. ताईने नागपूरला तपासण्या केल्या, दिवसा सोबतीला एक बाई ठेवली, आणि पाळीवरच्या फेऱ्या बंद केल्या नाहीत, स्वतः बरोबर जाऊ लागली. सर माझ्याशी बोलेनासे झाले. मी फोन केला की झोपलेत, असं ताई म्हणायची, आणि मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा. संक्रांतीला मात्र त्यांनी स्वतःहून फोन घेतला. "हांगझोऊच्या तळ्यातला गाळ आता कोण काढतं रे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, यंत्रं काढतात सर. "बरं," म्हणून त्यांनी फोन ताईला दिला. तेच आमचं शेवटचं बोलणं. त्यांनी मला माफ केलं होतं की ते पत्र विसरले होते, हे मला कळलं नाही. ताईलाही सांगता येत नाही.

पत्र तिने जपून ठेवलं होतं. परवा तिने त्याचा फोटो पाठवला. जसं आहे तसं देतो.

"आदरणीय सरांस सा. न.

पायाचे फोड बरे झाले असतील. मलम अजून आठवडाभर लावा. हे फोड कशाने आले, हे तुम्ही घरी सांगितलं नसणार, कारण मीही ते सांगणार नाही असा शब्द तुम्हाला दिला होता.

सर, हांगझोऊला तुम्ही तीन तासांहून जास्त वेळ हरवला होतात. तुम्हाला सरोवरातला रस्ता आपली पाळ वाटली. पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी दोनदा खोटं बोललो. तुम्हाला कमीपणा येईल म्हणून. त्या खोट्यात जो वेळ गेला त्यात काहीही होऊ शकलं असतं. मला आता तिसऱ्यांदा खोटं बोलायचं नाही.

हे पत्र ताई वाचतेय, हे मला माहीत आहे. मला ते माहीत आहे, हे तुम्हालाही कळलं असेल. शब्द मी मोडला आहे, तो पत्राच्या पाकिटात घालून मोडला एवढंच. ताई, सरांना घरात बसवू नकोस. पाळीवर जाऊ दे. पण बरोबर जा, आणि शेतं कुठल्या बाजूला आहेत ते त्यांना विचारत राहा. त्यांना शिकवायला आवडतं.

सर, कॉलेजच्या फॉर्मवर तुम्ही पालक म्हणून सही केली तेव्हा मला विचारलं नव्हतं. मीही तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही माझ्यावर रागावाल. जरूर रागवा, वर्षभर बोलू नका. मी फोन करत राहीन. पलीकडून तुमचा नुसता खोकला ऐकू आला तरी मला पुरेल.

तुमचा विद्यार्थी,
प्रकाश"