सहा बाकांचं भाडं

"थांबा की साहेब, गाडी काय पळून चालली?" असं म्हणत ताई टेप घेऊन ट्रकच्या हौद्यात चढायच्या आणि खाली माझं डोकं तापायचं.

वाळूजच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून एकेका गाडीत पाच-सहा जणांचा माल जायचा. भाडं सगळ्या गाडीचं एकच. ते कुणावर किती बसवायचं, हे काम ताईंचं; गाडी वेळेवर सोडायचं काम माझं. कन्नड तालुक्यातल्या धनगर घरातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. माझं म्हणणं सरळ होतं: वजन करा आणि वाटून टाका. ताईंना ते पटायचं नाही. "लोखंड जड, पण कोपऱ्यात मावतं. कूलर हलका, पण अर्धी गाडी अडवतो. त्याला फुकट नेता व्हय?" मग मापं, बेरजा, खाडाखोड. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, मालकांचा फोन यायचा आणि बोलणी मी खायचो.

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांचं बरोबर असतं, म्हणून जास्तच राग येतो.

एकदा नागपूरच्या गाडीत बजाजनगरच्या एका सुताराचे सहा बाक होते, लोणारच्या शाळेसाठी. त्यांच्यापायी गाडी मेहकरहून आत वळणार होती. ताई हौद्यात मापं घेत होत्या, तेवढ्यात घाईनं मीच त्या वळणाचा सगळा खर्च सुतारावर टाकला. आकडा ऐकून तो बाक उतरवायलाच लागला. "एवढ्यात माझी मजुरी गेली, साहेब."

ताई हौद्यातूनच म्हणाल्या, "गाडी त्याच्यासाठी वळती, व्हय. पण जागा रिकामी जाती म्हणून परवा त्याला फोन कुणी केला?"

मीच केला होता.

"ताई, गाडी आत्ता सुटली पाहिजे!" मी ओरडलो.

"मग सोडा. मी उतरत नाय."

एका बाकावर बसून त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला सुरुवात केली. "दादा, हा बाकवाला उतरला तर त्याच्या जागेचं भाडं तुमच्यावरच बसंल. त्यापरीस वळणाचं थोडं थोडं सगळे घेऊ." त्याच गाडीतला लोखंडवाला पहिल्यांदा नाही म्हणाला, दुसऱ्यांदा चिडला, तिसऱ्यांदा कबूल झाला. गाडी तीन तास उशिरा सुटली. सुतार पाया पडायला वाकला, तर ताईंनी त्यालाच झापलं. "तुझं बी वाढलंय की थोडं. पाया कशाला पडतो?"

मला मालकांनी झापलं.

पुढं गुडघे हौद्यात चढू देईनात, तेव्हा ताई काम सोडून गावी गेल्या. आता वजन टाकलं की कॉम्प्युटर मिनिटात भाडं वाटतो. कुणी अडून बसत नाही. लहान गिऱ्हाइकं आकडा ऐकतात, "बघतो" म्हणतात आणि परत येत नाहीत.

काल नागपूरची गाडी अगदी वेळेवर सुटली. मी गेटवर उभा होतो. हौद्यात जागा रिकामी होती, वरची ताडपत्री मधोमध खोल बसली होती.