आरे-वारेला कॅप निघाली, पावसला वाचा बसली

माझं आयुष्य बदललं त्या क्षणी माझ्या तोंडात आंब्याचं साठ, म्हणजे चिवट आंबापोळी, होतं. समोर आरे-वारेचा समुद्र, शेजारी आसिफ, आणि मी लाटांना भाषण देत होतो.

कारण असं की मुग्धाला त्या दुपारी पावसला तिच्या घरी बघायला येणार होते. देवरूखच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात. दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडलं, तिला नाही. बातमी कळताच बाइक काढली. (येणाऱ्यांसाठी: संगमेश्वरमार्गे रस्ता सोपा, पण हायवेचं काम चालूच आहे, धुळीला रुमाल हवाच.) मुक्काम रत्नागिरीत आसिफकडे. त्याच्या अम्मीचं सुरमईचं कालवण खाल्लं आणि अर्धा राग तिथेच उतरला. उरलेला सकाळी आरे-वारेला नेला. पावस बरोबर उलट्या दिशेला आहे, ठाऊक होतं. पण तालमीला मोकळी जागा हवी, आणि लाटांवर ओरडलं तर कोणी हटकत नाही.

"तुमच्या मुलीचं लग्न माझ्याशिवाय..." इथे साठाने माझ्या पुढच्या दाताची कॅप उपटून घेतली.

आसिफ वाळूत आडवा झाला. "मेल्या, परत बोल. शीळ वाजतेय!"

"डॉक्टर शोध!"

"रविवारी?" मग तो गंभीर झाला, तिथेच चुकलं. "फणसाचा चीक लावू. अम्मीची गळकी बादली त्यावरच टिकलीय."

चिकावर कोकणात सगळ्यांचीच श्रद्धा. कातळाच्या सड्यावरून उतरताना रस्त्यालगत फणस दिसला. आसिफने देठाशी किल्लीने ओरखडा काढला, पांढरा चीक आला, कॅप बसली. आरशात मी थेट नवरदेव.

भाट्याचा पूल ओलांडला की पावसपर्यंतचा रस्ता नुसता आंब्याच्या बागांचा. बघण्यासारखा आहे म्हणतात. मी मनात भाषण म्हणत होतो.

आसिफ गेटबाहेर थांबला. तिचे बाबा पडवीत पेंढा घालून आंब्याच्या पेट्या भरत होते. "ये रे, बस. मुग्धाच्या कॉलेजातला ना?"

मी तोंड उघडायला गेलो. उघडलं नाही. वरचा ओठ दातांना आणि खालचा वरच्याला चिकटला होता.

"म्म्म."

"लाजतो वाटतं. गो मुग्धा, बघ कोण आलंय."

ती आली. माझ्या ओठाकडे बघितलं, आत गेली आणि वाटीत खोबरेल घेऊन आली. फणस चिरताना आपण हाताला लावतो तेच. "बाबा, पेंढा संपत आलाय," म्हणून तिने त्यांना मागच्या अंगणात पाठवलं.

"हळू चोळ. बोलू नकोस."

मी चोळत बसलो.

"कोणी येत नाहीये. मीच काल 'नाही' म्हणून कळवलं. मला पुढे शिकायचंय."

माझे डोळे चमकले असावेत.

"एवढा खूश होऊ नकोस. माझ्यासाठी कॉलेज सोडलंस म्हणून गावभर सांगतोस. मला विचारलं होतंस? आज तरी विचारायला आलायस की फर्मान काढायला?"

"म्म्म."

"तुलाही नाहीच. पण आज पहिल्यांदा मध्ये तोंड न घालता ऐकलंस, म्हणून नीट सांगतेय."

ओठ केव्हाच सुटला होता. मी तसाच बसलो.

आता कामाचं. कॅप निघाली तर धुऊन डबीत ठेवा, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा, त्या दाताने चावू नका, एकदोन दिवसांत डॉक्टर गाठा. चीक, फेविक्विक, मित्र, काही लावू नका. देवरूखच्या डॉक्टरांनी चीक खरवडताना विचारलं, "हे सुचलं कोणाला?" तोंड उघडं असल्याने आसिफ वाचला.

कॅप आता पक्की आहे. घरी येऊन हिशेब मांडला तर सहलीतून उरलं काय? एक न केलेलं भाषण, अजून तोंडपाठ. आणि त्या दुपारी पावसहून निघालो, ते निघणं.

तिचे बाबा पेंढा घेऊन परतले. दोन हापूस माझ्या हातात ठेवले.

"येतो, काका," मी म्हणालो.

"अरे, बोलतो की हा!"

मुग्धा हसली नाही. आजवर रागाने ज्या ज्या दारातून निघालो, ते ते आपटलं. पडवीचं ते जाळीचं दार आपटायला सोयीचं होतं. मी आंबे एका हातात घेतले, बाहेर आलो, आणि दुसऱ्या हाताने ते हलकेच ओढून घेतलं.