आत्यांनी भात निम्मा केला

माझ्या सासूला आम्ही सगळे आत्या म्हणायचो. कळंबच्या बाजूची पाच-सहा गावं आणि वरच्या डोंगरातल्या वाड्या, एवढ्या मुलखात त्या बाळंतपणं करायच्या. अक्षरओळख नव्हती, पण हात असा हलका की कर्जतच्या डॉक्टरकडे जाण्याआधी लोक आमच्या अंगणात येऊन उभे राहायचे. मी लग्न होऊन त्या घरात आले ते लढाईचे दिवस होते, आणि तोवर आत्या चांगल्याच जाड झाल्या होत्या. कारण त्यांचं कामच तसं. ज्या घरी मूल होई तिथे पाचवीला शिरा, बारशाला गोडाचं जेवण, निघताना पदरात डिंकाचे लाडू. महिन्यातून अशी तीन-चार घरं. शिवाय घरचा भात होताच, तोही ताटात डोंगर करून.

भाद्रपदात एका सकाळी डोंगरातल्या ठाकरवाडीतून एक माणूस निरोप घेऊन आला. बायको अडली होती. आत्या निघाल्या, त्यांची पिशवी घेऊन मी मागे. निम्म्या चढावर त्या एका दगडावर बसल्या त्या उठेचनात. गुडघे धरून मला म्हणाल्या, तू जा पुढे. मी एकटी जाऊन काय करणार होते? शेवटी तो माणूस धावत वर गेला, चौघांना घेऊन आला, आणि बांबूला घोंगडी बांधून त्यांनी आत्यांना झोळीतून वर नेलं. वेळेत पोचलो. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप राहिल्या. पण घरी पाय धुता धुता आत्या म्हणाल्या, "झोळीतनं आजारी मानूस नेतात गं. मी तर बाळंतपन कराया गेलेली."

पुढच्या बाजाराला आम्ही बैलगाडीनं कर्जतला गेलो. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, वाकवून पाहिले. गुडघे ठीक आहेत, म्हणाले, त्यांच्यावरचं ओझं फार आहे. भात निम्मा करा, गोड आणि तळलेलं कमी करा, भाज्या वाढवा, चालणं सोडू नका. औषध काही दिलं नाही. आत्यांना ते फार लागलं, आणि त्याहून लागलं ते हे की डॉक्टर सुनेसमोर बोलले. गाडीत त्या सबंध वाटभर दुसरीकडे तोंड करून बसल्या.

मग त्यांनी आपल्या पद्धतीनं सुरुवात केली. आठवड्यातून तीन दिवस कडक उपास धरला. उपासाच्या दिवशी पाण्याशिवाय काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन दिवसांचं एकदम. पंधरा दिवसांत एकदा खळ्यावर घेरी येऊन खाली बसल्या. माझे मालक माझ्यावरच चिडले, तू आईला उपाशी का ठेवतेस म्हणून. मी रडले नाही, पण त्या दिवशी ठरवलं की आता चूल माझ्या हातात आहे तर डोकंही माझंच चालवायचं.

ठाकरवाडीत मी एक पाहिलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या बायासुद्धा डोक्यावर मोळी घेऊन तो चढ चढत होत्या, आणि त्यांच्या ताटात नाचणीची भाकरी आणि रानातली पालेभाजी होती. तीच बाळंतीण महिना-दीड महिन्यानं मुलीला घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा मी तिला तांदूळ दिले आणि नाचणी मागितली. ती हसली. आमच्यासारख्या भाताच्या घरात नाचणी कोण खातं? पण तिनं आणून दिली. माझी पहिली भाकरी तव्यावर चार ठिकाणी फाटली, तेव्हा तिनंच चुलीपुढे बसून उकळत्या पाण्यात पीठ कसं टाकायचं, झाकून कसं ठेवायचं ते दाखवलं.

आत्यांनी ती काळी भाकरी ताटाबाहेर सारली. आपल्या घरात ही खायची वेळ आली म्हणून गाव बोलेल, म्हणाल्या. मी वाद घातला नाही. त्यांच्यासमोर बसून तीच भाकरी मी कुळथाच्या पिठल्याशी खाल्ली. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या ताटातला तुकडा उचलला. चावून चावून खाल्ला आणि म्हणाल्या, "जरा मीठ टाकत जा पिठात."

तिथून गाडी रुळावर आली. मी मोठं ताट बाजूला ठेवून लहान थाळी काढली. आधी भाजी आणि आमटी वाढायची, मग भाकरी, आणि भात शेवटी, एक वाटी. थंडीत वालाचं बिरडं, मुळ्याचा पाला, शेवग्याची भाजी. तेल पळीनं न ओतता चमच्यानं. दुपारी भूक लागली तर पातळ ताक. आत्या कुरकुरायच्या, पण खायच्या.

तरी पौषात काही फरक दिसेना. एक दिवस त्यांचं लुगडं धुवायला घेतलं तर पदराच्या गाठीत लाडवाचा चुरा. मी ते लुगडं तसंच त्यांच्यापुढे ठेवलं. आत्यांनी तो चुरा तळहातावर घेतला. मग म्हणाल्या, "भुकेनं नाय खात गं मी. बाई मरनाच्या दारातनं परत आलेली असते. तिची आई हातात लाडू ठेवते. नाय म्हनलं की तिचं तोंड उतरतं."

मला राग आला होता तो तिथेच विरला. मी विचारलं, तुम्हीच दुसरं काही मागितलंत तर? परसात सगळ्यांच्याच काही ना काही असतं. त्यांना ते आधी पटलं नाही. पण पुढच्या बारशाला त्यांनी लाडू घेतला, कपाळाला लावला, बाळाच्या थोरल्या बहिणीच्या हातात दिला आणि त्या घरच्या म्हातारीला म्हणाल्या, मला तुझ्या मांडवावरचा दुधी दे. म्हातारी इतकी खूश झाली की दोन दुधी आणि वर वालाच्या शेंगा दिल्या. मग ती रीतच पडली. आत्या बारशाहून परतायच्या ते ओटीत पडवळ, लाल माठ, शेवग्याच्या शेंगा घेऊन.

फाल्गुनात त्यांच्या हातातल्या बांगड्या मनगटावर खाली येऊ लागल्या. चोळीला मागून दोन टाके घालावे लागले. ते त्यांनी मला घालायला सांगितले आणि शेजारणीला मुद्दाम दाखवले. चैत्राच्या अखेरीस ठाकरवाडीतून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी दोन माणसं घोंगडी घेऊनच आली होती. आत्यांनी ती त्यांना खांद्यावर टाकायला लावली आणि पुढे झाल्या. तीनदा बसल्या, करवंदं तोडून खाल्ली, घामानं चिंब झाल्या, पण आपल्या पायांनी पोचल्या. त्या दिवशी मुलगा झाला. मी पाणी तापवत होते. आतून त्यांचा आवाज आला तो अगदी मोकळा होता.

आत्या बारीक अशा कधीच झाल्या नाहीत. गणपतीत मोदक खायच्या, आणि चार-पाच खायच्या. पण पुढची कित्येक वर्षं त्या डोंगर चढत राहिल्या, आणि माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातून झाली. झोळीशिवाय डोंगर चढल्या त्याच वर्षी, पावसाळ्याआधी, त्यांनी माझ्या मालकांना सांगून टेकडीच्या उतारावरचा पडीक तुकडा साफ करून घेतला. तिथे नाचणी लावायची होती. पाऊस लागल्यावर रोपं लावायला त्या स्वतः आल्या, माझ्या शेजारी, चिखलात वाकून.