चहासुद्धा न घेणारा गोरख

एखाद्याचं भलं करायचं ठरलं, की आमची किकवीची माणसं हात धुऊन त्याच्या मागे लागतात. गोरखच्या वेळी तर अख्खी आळी लागली होती.

गोरख वायरमन. कामात वाघ, पण मधली पाच-सहा वर्षं दारूत पार बुडालेला. एकदा पिऊन कापूरहोळच्या चौकात मोटारसायकल एका टपरीत घातली, कोर्टात दंड भरला. त्याहून वाईट म्हणजे, रोज संध्याकाळी दारात उभा राहून बायकोला, संजीवनीला, "आज शिवलो बी न्हाई" म्हणायचा. पुढे दारू सुटली. तीन वर्षांनी लष्करी सामानाच्या एका कारखान्यात त्याची निवड झाली. आता फक्त चौकशी उरली होती. साहेब गावात येऊन त्याची वागणूक विचारणार, ती पटली तरच नोकरी.

झालं! त्याची आत्या ठकुबाई घरोघर फिरली. "दारूचं नावबी काढायचं न्हाई," असं सगळ्यांना पढवून आली. संजीवनीने मात्र नवऱ्याला वेगळंच बजावलं, "दारू सोसली म्या. खोटं आता सोसायची न्हाई. सायबाला खोटं सांगितलंत, तर म्या निघाले माहेरी, वेल्ह्याला."

खरं सांगावं तर नोकरी जाणार, खोटं सांगावं तर बायको. गोरखची झोपच उडाली.

साहेब आले. वाट दाखवायला मी सोबत होतो. पहिल्याच ओट्यावर ठकुबाई. "गोरख आन् दारू? अवो सायब, त्यो चहाबी घेत न्हाई!" पुढच्या दोन्ही घरांत तेच, चहासुद्धा नाही. आम्ही गोरखच्या दारात पोचलो, तर हा बशीत चहा ओतून फुर्र फुर्र पीत बसलेला. मला हसू आवरेना.

साहेबही हसले. "गाव म्हणतं, तुम्ही चहाही घेत नाही. मग दारूचं काय?"

संजीवनी आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. गोरखने बशी खाली ठेवली.

"पीत व्हतो सायब. लई पीत व्हतो. टपरीत गाडी घातली, दंड भरला. आता सोडलीया. गावाला माजी काळजी हाय, म्हनून असं बोलत्यात. त्यांच्यावर रागवू नगा."

"दंडाचं मला ठाऊक होतं," साहेब म्हणाले. "सुटलेली दारू एक वेळ चालते, लपवलेली नाही. लपवणाऱ्याला उद्या कोणीही धाक घालेल, आतली माहिती दे, नाहीतर तुझं बिंग फोडतो."

"मला कोन काय धाक घालनार? सारं सांगूनच बसलोय की."

साहेबांनी मान डोलावली, पण नोकरीबद्दल अवाक्षरही न काढता ते निघून गेले.

नोकरी पुढे लागली, हे आत्ताच सांगून टाकतो. ऐकणाऱ्याला उगाच टांगून ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. पण त्या संध्याकाळी ते कोणालाच माहीत नव्हतं. ठकुबाई तणतणत आली, "वाटूळं केलंस रं गोरख! तोंड आवरता आलं न्हाई तुला?" आणि आत बघते तर संजीवनी साजूक तुपात रवा भाजतेय, वर गाणं गुणगुणतेय.

"अगं, नोकरीचा पत्ता न्हाई, आन् शिरा कशाचा?"

संजीवनीने कढई खाली उतरवली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"आत्या, इतकी वरसं ह्यांचं त्वांड हुंगून खरं काय ते कळायचं. आज ऐकून कळलं."