आरसे नसलेली स्कूटर

पुढे ताई देशाची विजेती झाली, परदेशातल्या एका संघाकडून पगारावर सायकल शर्यतींत उतरली. तिच्यावरच्या लेखांत मी कुठेच नाही, आणि ते मला बरंच वाटतं. पण सरावाला तिच्या पुढे स्कूटर चालवायचे ती मी.

राज्याचे दोन भाग होणार की नाही, यावरून तेव्हा हैदराबादेत सारखे बंद असायचे. ताई बंदची वाटच बघायची, कारण रस्ते रिकामे मिळत. पहाटे बरकतपुऱ्यातून निघून आम्ही शहराबाहेर जायचो. मी ताशी पंचेचाळीसचा वेग धरायचा आणि तिने माझ्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर, वाऱ्याच्या आडोशाला, सायकल हाणायची. मी ब्रेक दाबला की ती आदळणार. आधीच्या वर्षी एका शर्यतीत तिचं खांद्याचं हाड मोडलं होतं, आणि आता निवड चाचणी पंधरा दिवसांवर आली होती.

"पुढे काही दिसलं तर ओरड. ब्रेक नक्को," ती बजावायची. आरसे तिनेच काढून ठेवले होते. "मला बघत बसतेस नि स्पीड बदलतो."

माझा तर वर्गात हजेरीलासुद्धा आवाज निघत नसे. मागून साखळीची घरघर येतेय तोवर ताई पडलेली नाही, एवढंच मला कळायचं.

त्या सकाळी वळणापलीकडे रस्ताभर दगड मांडलेले होते. कडेला टायर जळत होता. मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मग मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा दगड मागे राहिले होते आणि साखळी वाजत होती.

पुढे बऱ्याच अंतरावर चार-पाच बंदवाले आडवे आले; मी ब्रेक न लावता वेग उतरू दिला. "ए अम्मा, बंद है, मालूम नहीं?"

"सायकल भी बंद है क्या, भैया?" ताईने धापा टाकत विचारलं.

ते हसले. "सायकल चलाओ. पेट्रोल की गाडी नक्को."

मी स्कूटर ढकलत निघाले. ताई शेजारून सावकाश येत होती, खुशीत. "काय नजर आहे गं तुझी! बरोब्बर फटीतून काढलीस. पुढच्या बंदला मी अजून जवळ येते. चार बोटांवर."

मी नुसतं "हं" म्हटलं.

घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडला आणि "ताई, दगड!" असं ओरडून बघितलं. पहिल्यांदा तोंडातून नुसती हवा आली. तिसऱ्यांदा बाहेरून आईने दार ठोठावलं. "काय गं, कोण पडलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं, आणि पुन्हा ओरडले.