माफीचा प्रवेश

आमच्या नाटकाची गाणी तुम्हाला पाठ असणार. लग्नाच्या हॉलात वाजतात, दाढी करायला बसलात तर तिथंही वाजतात. मी त्या नाटकात एकवीस वर्षं ऑर्गन वाजवतोय, म्हणून सांगतो: गाणी सोडली तर त्या नाटकाला शेंडा ना बुडखा. शी! असलं लिखाण वाण्यानं पुड्या बांधायलासुद्धा घेऊ नये.

तिसऱ्या अंकात नवरा नायिकेला नेसत्या लुगड्यानिशी घराबाहेर काढतो. पुढच्याच प्रवेशात हात हलवत परत येतो आणि ती त्याला माफ करते. का? तर पुढं दोघांचं गाणं आहे. ते इतकं गोड आहे की त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. मग माफीलाच कारण शोधायचं. आजवर पाच लेखकांनी पाच कारणं लिहिली. एकही धड नाही.

ती पाचही कारणं तोंडपाठ असलेली एकच व्यक्ती होती, माझी आत्या. ती या नाटकाची प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायची, संहिता मांडीवर, चष्मा दोरीला. नट श्वास कुठं घेतो यावरून तिला कळायचं की हा आता अडकणार. मग पहिल्या रांगेलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती त्याला वाक्य पोचवायची.

आत्याला मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं सव्विसाव्या वर्षी तिला घराबाहेर काढलं आणि दुसरी आणली. आत्या आमच्याकडे आली, मागच्या खोलीत राहिली. आणि काम मिळालं ते हे! दर प्रयोगाला नटीच्या तोंडात ‘झालं गेलं मी विसरले’ घालायचं. मी एकदा विचारलं, “तुला काही वाटत नाही का गं?”

“वाक्य वाईट आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर नट्या विसरतात.”

गेल्या वर्षी तो नवरा उगवला. दुसरी बायको वारली होती, गुडघे गेले होते, करायला कुणी नव्हतं. आता आठवण झाली मेल्याला! बाबांनी त्याला रविवारी सकाळी चक्क घरी बोलावलं, कारण माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना मागची खोली हवी होती. बहीण आपणहून सासरी गेली तर सुंठीवाचून खोकला गेला.

बैठकीत आम्ही सगळे बसलो. बाबांनी घसा साफ केला. “माणूस थकलाय गं. पश्चात्ताप झालाय त्याला.”

“हे पहिल्या लेखकाचं,” आत्या म्हणाली. “लोक हसले, म्हणून काढलं.”

“बाईला शेवटी नवऱ्याचाच आधार.”

“हे तिसऱ्याचं. नटीनंच म्हणायला नकार दिला.”

आई पदर सावरत म्हणाली, “अहो वन्सं, चार लोक काय म्हणतील याचा तरी विचार करा.”

“हे पाचव्याचं, वहिनी. सध्या हेच चालू आहे.”

मला हसू आलं, पण बाबांचा चेहरा बघून मी ते गिळलं. तेवढ्यात त्या माणसानं रुमाल काढला, डोळे टिपले. “गेल्या आठवड्यात मी तुझं नाटक बघायला आलो होतो. ते माफीचं गाणं ऐकलं आणि ढसाढसा रडलो बघ.”

आत्यानं तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. “आणि त्याच्या आधीचा प्रवेश? बाईला बाहेर काढतात तो?”

त्यानं रुमाल मांडीवर पसरला. “तेव्हा मी बाहेर चहा प्यायला गेलो होतो. शेजारचा म्हणाला, गाण्याला वेळ आहे.”

त्याला आपण काय बोललो हे कळलंही नव्हतं. रुमालाची नीट घडी घालत बसला होता.

“दादा,” आत्या शांतपणे म्हणाली, “यांना दारापर्यंत सोडून ये.”

“मग खोली रिकामी कर,” बाबा म्हणाले. सख्ख्या बहिणीला, आणि तेही त्याच्यादेखत! आई जमिनीकडे बघत राहिली. धाकटा नखं बघत होता, खोली त्यालाच मिळणार होती. आणि मी? मी चाळिशीचा घोडा, घरखर्चातला निम्मा वाटा माझा, तरी तोंडाला कुलूप. लग्नघरात भांडण नको, असं मनाला बजावत बसलो. त्या सगळ्यांची किळस येते, पण सगळ्यात जास्त माझी येते.

दोन दिवसांत आत्यानं थिएटरच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली, दोन जिने चढून. निघताना मी तिची ट्रंक उचलायला वाकलो. तिनं माझा हात बाजूला केला आणि कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “परवा एवढंच म्हणायचं होतंस, ‘आत्या कुठंही जाणार नाही.’”