मैनाबाईच्या धुऱ्यावरची तूर

हे मी कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही म्हणतात. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी कडधान्यांवर काम करतो. आमच्या संशोधन केंद्रात एक वाफा मुद्दाम रोगट ठेवतात. मर रोगानं वाळलेली तूर दरवर्षी त्याच मातीत पुरायची. मग त्यात जे वाण जगेल, ते कामाचं. कुरखेड्याकडच्या मैनाबाईचं जुनं घरचं बियाणं जगलं. चारी बाजूंना काळपट काड्या आणि मधे तिची एक ओळ, हिरवीगार. माझ्या अंगावर काटा आला — आनंदानं, असं तेव्हा वाटलं.

मग घाई झाली. तिच्या स्वतःच्या धुऱ्यावर, धानाच्या शेताच्या बांधावरही ती टिकते का? परवानगीचे कागद हलेपर्यंत कोण थांबणार? रोगट वाफ्यातली बोरीभर माती मी तिच्या धुऱ्यावर पसरली. खत आहे, म्हणालो. बाईनं चहा पाजला.

पावसाचं पाणी वरच्या बांधीतून, म्हणजे खाचरातून, खालच्या बांधीत उतरतं, हे धानाच्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं? होतं.

पुढच्या वर्षी खालच्या सगळ्या धुऱ्यांवरची तूर उभ्या उभ्या वाळली. त्यांचं बियाणं दुकानातलं. मैनाबाईची तेवढी डोलत राहिली. एकटी विधवा, आणि सगळ्यांचं मेलं तेव्हा तिचंच जगलं — गावाला करणीचा आणखी काय पुरावा हवा? बाया तिची सावली चुकवून चालू लागल्या. ती विहिरीवर आली की बोलणं थांबायचं.

तिचा निवाडा करायला गाव जमलं त्या दिवशी मी तिथेच होतो. ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, तुमी शिकलेले. सांगा ना यायले, मी काई केलं नाई."

माती मी आणली — एवढंच म्हणायचं होतं. नोकरी गेली असती, मार बसला असता. किंवा काहीच झालं नसतं. मी म्हणालो, तपासावं लागेल. करून सवरून नामानिराळा. मी भित्रा आहे, दुसरा शब्द नाही.

सकाळी ती धुऱ्यावर दिसली. आपलीच तूर उपटत होती. एकेक झाड, मुळासकट. घाई नाही, रडणं नाही. लोक कडेला उभे. तिचा धुरा सगळ्यांसारखा होईपर्यंत कोणी हललं नाही.

ती घरी गेल्यावर मी पुढे झालो. शेंगा चांगल्या भरल्या होत्या, बियाणं तयार होतं. त्या मी चादरीत बांधून गाडीत टाकल्या.